साखर कायम आतल्या भिंतीला का असते?

इंदूरला मल्हारगंजातल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानात तुम्हाला आत शिरायला मिळत नाही. तुम्ही ओट्याच्या अलीकडे, दुकानदार पलीकडे. तुम्ही यादी वाचायची आणि आतल्या पोऱ्याने पळायचं. चालण्याचं काम त्याचं, म्हणून दुकानही त्याच्या हाताला सोयीचं लावलेलं असतं. साखर, चहापत्ती, तेल, बेसन हाताशी. दिवाळीला किंवा लग्नाकार्यालाच लागणारं सामान वर, शिडीच्या उंचीवर. अगरबत्ती चहापासून लांब, कारण चहा वास पटकन धरतो. गिऱ्हाइकाला हे सगळं कसं दिसतं याची दुकानदाराला फारशी फिकीर नसते, कारण माल खपवायचं काम तो तोंडाने करतो. "भाभीजी, नया बासमती आया है, एक बार ले जाके देखो." जुना माल आधी कुणाच्या थैलीत जाणार, कोणत्या कंपनीचा साबण पुढे करायचा, कुणाच्या पोराच्या हातावर गोळी ठेवायची, हे तो बोलता बोलता ठरवून टाकतो.

सुपरमार्केटात हा माणूस नाही. त्याची कामं मात्र सगळी शिल्लक आहेत. नवा माल सुचवायचा आहे, जुना आधी खपवायचा आहे, महाग आणि स्वस्त शेजारी ठेवून दाखवायचं आहे, पोराला गोळीकडे वळवायचं आहे. ती कामं तिथे रॅकवर सोपवलेली असतात. दुकानाची मांडणी समजून घ्यायची तर प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारावं: इथे दुकानदार असता तर काय बोलला असता?

या व्यवस्थेला सुरुवातीची एक तारीख आहे. सप्टेंबर १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. तोवर तिकडेही आपल्यासारखंच चालायचं: गिऱ्हाईक बाहेर, नोकर आत. सॉन्डर्सने ओटा काढला आणि गिऱ्हाइकाला आत सोडलं. दारातून टोपली घ्यायची, फिरत्या आडव्या दांड्यातून आत शिरायचं, आखून दिलेल्या वाटेने सगळ्या रॅकसमोरून जायचं आणि शेवटी पैसे देऊन बाहेर पडायचं. वाट एकच होती. मीठ घ्यायला आलेल्यालाही बाकीचं सगळं दिसायचंच. या रचनेचं पेटंट त्याला १९१७ साली मिळालं. दुकानातल्या वाटेचं पेटंट! नोकरांचा पगार वाचला, म्हणून भाव उतरले, आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावी लागली, कारण आता विचारणार कुणाला?

पुढचा अडथळा हाताचा होता. टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची गाडी आणली, तर लोक तिला हात लावेनात. तरुण पुरुषांना त्यात कमीपणा वाटला, बायकांना ती बाबागाडीसारखी वाटली. शेवटी त्याने पगारी माणसं गाड्या ढकलत दुकानात फिरवली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी ती धरली. आज ट्रॉली नसलेलं मोठं दुकान सापडणार नाही, आणि ट्रॉलीत भरपूर जागा रिकामी दिसत असताना खरेदी आटपल्यासारखी वाटत नाही.

विभाग पाडायची कल्पना मात्र सॉन्डर्सच्या कितीतरी आधीची. राजवाड्याभोवतीचं जुनं इंदूर पायी फिरा. सोनं-चांदी सराफ्यात, भांडी बर्तन बाजारात, कापड महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात, ठोक किराणा सियागंजात. एकाच मालाची दुकानं एकाच गल्लीत असली की गिऱ्हाइकाला भाव ताडून बघता येतो आणि हमालाला हातगाडी कुठे न्यायची ते कळतं. सुपरमार्केटातले विभाग याच दोन कारणांनी पडतात. फरक मालकीचा आहे. सराफ्यातलं प्रत्येक दुकान आपल्यापुरतं बघतं. सुपरमार्केटात सगळ्या गल्ल्या एकाच मालकाच्या असल्यामुळे कोणती गल्ली दाराशी आणि कोणती मागे, हे त्याला ठरवता येतं.

आता दारातून आत जाऊ. पहिली काही पावलं विक्रीच्या दृष्टीने वाया जातात. मे महिन्यातल्या उन्हातून आलेले डोळे सरावत असतात, थैली जमा करून बिल्ला घ्यायचा असतो, ट्रॉली ओढून काढायची असते, पोराचा हात सुटलेला असतो. गिऱ्हाइकांच्या चालीरीती वर्षानुवर्षं टिपणारा पाको अंडरहिल सांगतो की या पट्ट्यात ठेवलेल्या वस्तू लोकांच्या नजरेतून निसटतात. म्हणून शहाणा दुकानदार तिथे ट्रॉल्या आणि मोठा फलक एवढंच ठेवतो, आणि खरी मांडणी चारपाच पावलं पुढे सुरू करतो.

तिथे काय असतं? परदेशी दुकानांत बहुधा फळं-भाज्या. रंग असतो, ताजेपणा दिसतो, आणि सुरुवातीलाच पालक ट्रॉलीत पडला की पुढे चिप्सचं पाकीट घेताना मनाला कमी टोचतं. खरं तर गिऱ्हाइकाच्या सोयीने पाहिलं तर हे उलटं आहे. टोमॅटो तळाला आणि त्यावर पाच किलो आटा, असा तो प्रकार. तरीही भाज्या पुढे असतात, यावरून मांडणीत कोणाची सोय आधी बघितली जाते ते कळावं. आपल्याकडे मात्र हा नियम ढिला आहे. दारावर भाजीचा ठेला येतो, कोपऱ्यावर भाजीवाली बसते, आणि शनिवार-रविवारी थेट चोइथराम मंडीत जाऊन आठवड्याची भाजी आणणारीही घरं आहेत. भाजीसाठी सुपरमार्केटात जाणारे कमी, म्हणून इथल्या बऱ्याच दुकानांत दाराशी भाजीऐवजी त्या आठवड्याच्या 'ऑफर'चा ढीग दिसतो: बिस्किटांचे पुडे, कपडे धुण्याची पावडर, सरबताच्या बाटल्या.

आणि आता साखर. मासिक किराण्याचा कणा म्हणजे साखर, तेल, तूरडाळ, तांदूळ, आटा. हे घ्यायला तुम्ही येणारच आहात, त्यासाठी कुणी बोलवायची गरज नाही. या मालावर दुकानाला सुटतंही थोडंच, कारण साखरेचा भाव प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असतो आणि दोन रुपये चढे दिसले तर ती दुकानच बदलते. ज्या वस्तूंचे भाव लोकांच्या लक्षात असतात त्या स्वस्त ठेवायच्या आणि ज्यांचे नसतात त्यांच्यावर कमवायचं, हे किराणा व्यापाराचं जुनं गणित आहे. चटणीची बाटली, पायपुसणं, प्लॅस्टिकचा डबा, मुलांचा कंपास, यांचे भाव कुणाच्या लक्षात राहतात? म्हणून साखर आत आणि तिच्यापर्यंतची वाट या वस्तूंमधून.

परदेशात हेच काम दूध करतं. तिथे दूध कायम मागच्या भिंतीला असतं आणि त्यावरून अर्थशास्त्र्यांमध्ये वादही झालेले आहेत. एक बाजू म्हणते, हे गिऱ्हाइकाला पूर्ण दुकान फिरवण्यासाठी. दुसरी म्हणते, दूध थंड ठेवावं लागतं, शीतगृह मागे असतं, गाडीतून उतरलेलं दूध उन्हात न ठेवता थेट आत जावं आणि फ्रीज मागून भरता यावा, एवढंच कारण आहे. आपल्याकडे या वादाला अर्थ उरत नाही, कारण सकाळचं सांचीचं (मध्य प्रदेशच्या सहकारी दूध संघाचं) दूध चौकातल्या टपरीवरून किंवा घरपोच येतं. सुपरमार्केटातल्या दुधावर कुणाचं घर चालत नाही.

मला विचाराल तर दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असतात, आणि आपण पहिल्याकडेच जास्त बघतो कारण त्यात कटाचा मसाला आहे. साखरेचंच घ्या. पन्नास किलोचं पोतं मागच्या गोदामातून दारापर्यंत ओढत आणायचं कशाला? धान्य सांडतं, सांडलं की उंदीर आणि मुंग्या येतात, म्हणून ते एका कोपऱ्यात, रोज झाडता येईल अशा ठिकाणी हवं. तेलाचा डबा फुटला तर तो कपड्यांच्या ढिगावर फुटू नये. दुकानाचा नकाशा आखणाऱ्याच्या डोक्यात विक्री असते तशीच गटारं, विजेच्या तारा, एसीचं पाणी आणि माल उतरवायचं दारही असतं.

गिऱ्हाईक प्रत्यक्षात कसं फिरतं, याचा एक चांगला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. लार्सन, ब्रॅडलो आणि फेडर या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटातल्या ट्रॉल्यांच्या तळाला रेडिओ टॅग लावून त्यांच्या वाटा नोंदवल्या. तोवर समज असा होता की लोक एका गल्लीतून शिरतात, दुसऱ्या टोकाने बाहेर येतात, मग पुढची गल्ली, अशी सगळी दुकानाची विणाई करतात. तसं होत नव्हतं. बहुतेक जण कडेकडेच्या रुंद वाटेनेच फिरत होते, मधल्या गल्लीत थोडं शिरून हवं ते उचलून त्याच तोंडाने परत बाहेर येत होते. म्हणजे गल्लीच्या मधोमध ठेवलेल्या मालाचं नशीब फुटकं, आणि गल्लीच्या तोंडाशी ठेवलेला माल भाग्यवान.

म्हणूनच रॅकच्या टोकाची जागा सगळ्यात महाग. दुकानातले लोक तिला 'एंड कॅप' म्हणतात. तिथे एकाच कंपनीचा माल मनोऱ्यासारखा रचलेला असतो, वर मोठ्या अक्षरांत किंमत. ही जागा पुष्कळदा विकलेली असते. कंपनी महिन्याचं भाडं देते किंवा दुकानाला मालावर जादा सूट देते, आणि तो महिना तिचा. आपल्याला मात्र ढीग दिसला की स्वस्ताई वाटते. पुष्कळदा ती असतेही. पण मोठ्या अक्षरांत किंमत लिहिली म्हणजे ती कमी केली असं होत नाही. त्याच जातीचा दुसरा माल आत गल्लीत काय भावाने आहे, एवढं पाहून यायला अर्धं मिनिट लागतं. ढिगाजवळ तो दुसरा माल मुद्दामच नसतो.

रॅकच्या उंचीवर जरा थांबायला हवं, कारण इथे पैशाचा खेळ सगळ्यात बारीक आहे. रॅकचे साधारण तीन भाग पडतात. डोळ्यांपासून छातीपर्यंतची पट्टी सोन्याची. जास्त सुटणारा, जाहिरात झालेला, मधल्या किमतीचा माल तिथे. त्याखाली, वाकून घ्यावा लागेल असा, पाच-दहा किलोचा बोजा आणि सगळ्यात स्वस्त माल. जड वस्तू वर ठेवणं धोक्याचं असतं हे एक कारण, आणि स्वस्त हवं असणारा वाकतोच, हे दुसरं. अगदी वर बहुधा साठ्याचे बंद खोके, किंवा ज्याला ती वस्तू हवीच आहे तो मागून घेईल असा माल.

'डोळ्यांची उंची' कुणाच्या डोळ्यांची, हाही प्रश्न आहेच. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती पट्टी पावणेपाच फुटाच्या आसपास संपते. ट्रॉलीच्या बाकड्यावर बसलेल्या किंवा पायाशी घोटाळणाऱ्या पोरासाठी ती दोन-तीन फुटांवर. म्हणून कार्टूनची चित्रं असलेली बिस्किटं आणि खेळणं लपवलेली चॉकलेटं खालच्या फळीवर मिळतात. स्वस्त मालाशेजारीच. आई वाकते साबुदाण्यासाठी आणि पोर तिथेच ठाण मांडतं.

उंचीने खरंच फरक पडतो का? १९९४ साली ड्रेझ, होक आणि पर्क यांनी शिकागोच्या डॉमिनिक्स या दुकानांच्या साखळीत माल इकडचा तिकडे करून पाहिला. जागा बदलल्याने विक्रीवर बराच परिणाम झाला. एकाच मालाची दर्शनी पाकिटं वाढवून मात्र, एका किमान संख्येनंतर, फारसं साधलं नाही. पुढे २०१४ साली मार्टिन आइझेंड याने अशा अनेक अभ्यासांची सरासरी काढली, तर फळीवरची जागा १० टक्क्यांनी वाढवली की विक्री सुमारे १.७ टक्के वाढते असं निघालं. म्हणजे जादू नाही. पण हजारो वस्तूंच्या दुकानात, थोड्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात, दीड-पावणेदोन टक्क्यांसाठीही कंपन्या हातघाईवर येतात.

या भांडणाचा तह कागदावर होतो. कोणत्या फळीवर कोणता माल, किती पाकिटं पुढे, कोणता कुणाशेजारी, याचा चित्रासारखा नकाशा असतो. त्याला 'प्लॅनोग्राम' म्हणतात. साखळी दुकानांत तो मुख्य कार्यालयातून येतो आणि रात्री किंवा सकाळी दुकान उघडण्याआधी पोरं तो बघून माल लावतात. दुकानाचा स्वतःच्या नावाचा माल असला तर तो प्रसिद्ध ब्रँडला अगदी खेटून ठेवतात. तोच रंग, तेवढंच पाकीट, किंमत थोडी कमी. जाहिरातीचा खर्च मोठ्या कंपनीने केला, गिऱ्हाईक त्या फळीपर्यंत तिने आणलं, आणि शेवटच्या वीतभर अंतरात दुकानाने हात मारला. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही, पण कल्पकता नक्की आहे.

फळीच्या खोलीतही एक शिस्त असते. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, नवा मागे. नाशवंत मालाच्या धंद्यात दुसरा मार्गच नाही, नाहीतर दही आणि पाव रोज फेकावे लागतील. तुम्ही हात लांब करून मागचं पाकीट ओढलंत तर तुम्हाला चार दिवस जास्तीचे मिळतात. आज रात्रीच संपवायचं असेल तर पुढचंच घ्या, तेही ठीकच असतं.

मालाचे शेजारी कोण, यात इंदूरची स्वतःची अशी एक जोडी आहे. पोह्यांच्या रॅकजवळ शेव आणि जीरावनाच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या, डब्या दिसल्या तर ते योगायोगाने नसतं. इथे पोहे शेवेशिवाय खायचे नसतात आणि वरून जीरावन नसेल तर ते पुण्याचे पोहे झाले. दुसऱ्या शहरात हीच शेव नमकीनच्या गल्लीत पडून राहील. एका बशीत जे एकत्र येतं ते एका रॅकवर एकत्र आणलं की यादीत नसलेली एक वस्तू सहज वाढते. चहाशेजारी बिस्किटं, शेवयांशेजारी सुका मेवा, टूथपेस्टशेजारी ब्रश.

याच कारणाने श्रावणात आणि नवरात्रात एक आख्खा रॅक रिकामा करून उपवासाचा होतो. साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सैंधव मीठ आणि मोरधन, ज्याला महाराष्ट्रात वरई म्हणतात. एरवी या वस्तू चार गल्ल्यांत विखुरलेल्या असतात. सण संपला की पुन्हा आपापल्या घरी.

आणि गोडा मसाला? राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या भागांतल्या मराठी घरांना तो लागतो, भाजणी लागते, कोकम लागतं, मेतकूट लागतं. पण साखळी दुकानाच्या नकाशात शहरभराच्या खपाचा आकडा बोलतो आणि त्या आकड्यात आपण चिमूटभर. मग कोकम एकदा मसाल्यात असतं, एकदा लोणच्यांत आणि एकदा कुठेच नसतं. संगणकाला ते मसाला वाटतं की सरबत, यावर त्याचं घर ठरतं. या जिनसांसाठी आपण अजून गृहउद्योगाच्या छोट्या दुकानातच जातो, कारण तिथे फळी लावणाऱ्या काकूंना चिंचेची आमटी आणि कोकमाची आमटी यांतला फरक माहीत असतो.

न जुळणारे शेजारी वेगळे ठेवणं हे यापेक्षा साधं काम. साबण, फिनेल, डासांच्या अगरबत्त्या धान्यापासून लांब हव्यात. वास लागतो, आणि फुटलंच तर विषबाधेचा प्रश्न. बहुतेक दुकानांत खाण्याचं एका अंगाला आणि धुण्याचं दुसऱ्या अंगाला असतं ते यासाठी. ट्रॉलीत आणि थैलीत मात्र आपणच दोन्ही एकत्र टाकतो.

परदेशी मांडणी जशीच्या तशी इथे आणली की फसते, हे किशोर बियाणी यांनी लवकर ओळखलं. २००१ साली त्यांची बिग बझार ही दुकानांची साखळी सुरू झाली. रुंद, चकचकीत, मोकळ्या वाटांची दुकानं आपल्या लोकांना महाग वाटतात आणि ते बाहेरूनच परततात, म्हणून त्यांच्या दुकानांत जाणूनबुजून गर्दी, दाटी आणि बाजाराचा गलका ठेवलेला असे. धान्य उघड्या पिंपांत. हात घालून बघा, दाणा दाताखाली धरा, मग घ्या. मारोठिया बाजारात सुपारी आणि मसाले निवडून घेणाऱ्या माणसाला बंद पाकिटातली तूरडाळ संशयास्पद वाटणारच. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली आणि २०२२ मध्ये दुकानं हातची गेली, पण सुट्या डाळींची पिंपं आणि त्यातले स्टीलचे डाव आजही इंदूरच्या मोठ्या दुकानांत दिसतात.

मांडणीविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी काही जपून घ्याव्यात. माणूस आत शिरला की उजवीकडे वळतो, हे ठामपणे सांगितलं जातं. बहुतेक अमेरिकी दुकानांवरून काढलेला हा निष्कर्ष. आपल्याकडे दुकानाचं दारच कोपऱ्यात असतं आणि डावीकडे थैल्या जमा करणारा बसलेला असतो, तर माणूस जिकडे वाट आहे तिकडे वळतो. संथ संगीत लावलं तर लोक रेंगाळतात आणि जास्त घेतात, असं १९८२ साली मिलिमन याने एका अमेरिकी सुपरमार्केटात मोजलं होतं, विक्रीत ३८ टक्क्यांचा फरक आला होता. आकडा मोठा आहे, पण दुकान एकच होतं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग जॅमचा. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात आयंगार आणि लेपर यांनी चवीसाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. २४ प्रकार पाहून ६० टक्के लोक थांबले, ६ पाहून ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे पहिल्या वेळी ३ टक्के आणि दुसऱ्या वेळी ३० टक्के. निवड जास्त झाली की माणूस गोंधळून काहीच घेत नाही, असा अर्थ यातून निघाला आणि २००० सालापासून तो जगभर फिरतोय. दहा वर्षांनी अशा ५० प्रयोगांची बेरीज-वजाबाकी केली तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ आला. काही ठिकाणी गोंधळ होतो, काही ठिकाणी जास्त निवड चांगली ठरते. इंदूरच्या नमकीनच्या दुकानात लौंग, लसूण, पालक, रतलामी आणि बारीक अशा शेवेच्या थाळ्यांपुढे कुणी गोंधळून रिकाम्या हाती परतल्याचं ऐकिवात नाही. आपल्याला काय आवडतं हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याला विविधता छळत नाही.

बिलिंग काउंटरवर येईपर्यंत मन थकलेलं असतं. रांगेत उभं राहण्यावाचून काम नसतं आणि हाताशी दहा-वीस रुपयांच्या चॉकलेटांचा रॅक. काउंटरजवळच्या रॅकवरच्या वस्तू लहान, चढ्या नफ्याच्या आणि विचार न करता उचलण्याजोग्या असतात: च्युइंगम, बॅटरी सेल, रेझर. पूर्वी सुट्ट्या पैशांच्या बदल्यात टॉफ्या हातावर ठेवायची चाल होती. यूपीआयने तो धंदा बसवला. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बड्या दुकानांना साखर-मीठ-चरबी जास्त असलेले ठरावीक पदार्थ दाराशी, रॅकच्या टोकाला आणि काउंटरजवळ ठेवायला बंदी आहे. बंदी कोणत्या तीन जागांवर आहे ते बघा. कोणती जागा विकते हे कायदा करणाऱ्यांनीही व्यापाऱ्यांकडूनच शिकून घेतलेलं दिसतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूने एक हत्यार आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. पॅकबंद मालाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे आता पाकिटावर एमआरपीसोबत दर ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भावही छापावा लागतो. बारीक अक्षरांत 'युनिट सेल प्राइस' म्हणून तो असतो. समजा चहाचं २०० ग्रॅमचं पाकीट ५८ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचं १५० रुपयांना आहे. मोठं स्वस्त पडत असेल असं वाटतं. लहान २९ पैसे ग्रॅम, मोठं ३० पैसे. अशी उदाहरणं रोज सापडत नाहीत, पण सापडतात, विशेषतः 'फॅमिली पॅक' लिहिलेल्या पाकिटांत. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: छापलेला हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानाने सूट दिली असेल तर हिशेब पुन्हा डोक्यातच करावा लागतो.

तीन-चार महिन्यांनी एखाद दिवशी सगळं हललेलं असतं. डाळी होत्या तिथे शाम्पू. यात नवा माल, हंगाम, करार संपलेल्या कंपन्या अशी कारणं असतात, आणि ओळखीची वाट मोडली की गिऱ्हाईक पुन्हा डोळे उघडून फिरतं, हा फायदाही दुकानाला मिळतो. म्हाताऱ्या माणसांना याचा त्रास होतो. सवयीने हात जातो आणि हाताला दुसरंच लागतं. ही बाब दुकानांनी मनावर घ्यावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता दहा-पंधरा मिनिटांत घरी सामान आणणारी ॲप्स इंदुरातही आहेत. त्यांच्या गोदामात गिऱ्हाईक शिरत नाही, म्हणून तिथे डोळ्यांची उंची, ढीग, शेजार यांना अर्थ नाही. जास्त उठणारा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ असतो. एकसारखी दिसणारी पाकिटं तर मुद्दाम लांब लांब ठेवतात, म्हणजे घाईत पोराच्या हातून आटा आणि मैद्याची अदलाबदल होत नाही. विकण्याची मांडणी फोनच्या पडद्यावर आली आहे. तिथे पहिल्या दोन ओळी म्हणजे रॅकचं टोक, आणि त्यांचंही भाडं असतं. 'पोहे' टाइप केल्यावर सगळ्यात वर जे पाकीट दिसतं त्याच्या कोपऱ्यात अगदी फिक्या अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं सापडेल.